धुळे-चाळीसगाव गाडीतलं वाचन

मंगळवार, रात्री साडेदहा

भाचा काल पुण्याला परत गेला. तिथे उपयोजित कला शिकतोय. कळण्याचं पीठ आणि केळीचे वेफर्स बॅगेत मावेनात, म्हणून पुस्तकंच बाहेर काढून माझ्या टेबलावर रचली. "मावशी, वाच. आणि फक्त 'छान आहे' असं नको कळवूस."

म्हणून हे लिहून ठेवते.

ढिगात सगळ्यात वर 'डीमन स्लेयर'चे पहिले सहा खंड. कोयोहारू गोतोगे यांची जपानी चित्रकथा, मंगा म्हणतात त्याला. असे एकूण २३ खंड आहेत म्हणे, म्हणजे दिवाळीपर्यंतची सोय. आता मंगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे कार्ट्याने सांगितलं नव्हतं. आज सकाळच्या गाडीत मी दहा पानं उलटी वाचली. माणूस आधी पडला, मग त्याला मार बसला, मग भांडण झालं आणि शेवटी दोघांची ओळख झाली. मला वाटलं, असेल काहीतरी नवा प्रयोग. शिरूड स्टेशन आल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

समोरच्या बाकावर टोपीवाले एक बाबा बसले होते. बराच वेळ त्यांची नजर पुस्तकावरच. शेवटी न राहवून विचारलंच, "हाई पोरेसनं पुस्तक शे ना वं माय?" म्हटलं, पोरेसनंच शे बाबा. (माझी अहिराणी सासरची. माहेर यावल तालुक्यातलं, तिकडची बोली वेगळी. पण या गाडीत अकरा वर्षं काढली की येतेच.)

पोरांचं म्हणावं तर पहिल्या वीस पानांतच घर उद्ध्वस्त होतं. तांजिरो नावाचा मुलगा डोंगराखाली कोळसा विकायला जातो, उशीर होतो म्हणून रात्री खालीच थांबतो. सकाळी येऊन बघतो तर आई आणि भावंडं मरून पडलेली. एकटी बहीण नेझुको जगलेली, पण तिची राक्षसीण झालेली. कुणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूची नळी. ऊन चालत नाही, म्हणून दिवसा लाकडी पेटीत घालून हा तिला पाठीवर घेऊन हिंडतो.

मारामाऱ्या फार आहेत. चौथ्या खंडापासून मी त्या पानांवरून विनाथांबा गाडीसारखी निघाले. पण त्याआधी एका जागी थांबले होते. शंभर हातांचा म्हणावा असा एक राक्षस मरताना आपलं माणूस असतानाचं आयुष्य आठवतो, आणि त्याला मारणारा तांजिरोच त्याचा हात हातात घेतो. तेवढ्या दोन पानांसाठी बाकीची ढिशुम ढिशुम माफ.

बुधवार, उशिरा

पेटीतली बहीण डोक्यातून जाईना. मग कपाटातून 'कोसला' काढली.

नेमाडे आमच्या तालुक्याचे, सांगवीचे. पुस्तक १९६३ चं, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. मी ते एकोणिसाव्या वर्षी जळगावला होस्टेलवर वाचलं. वर्गातली निम्मी मुलं तेव्हा त्यातल्या पांडुरंग सांगवीकरासारखी बोलायची, प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ', आणि आम्ही मुली कंटाळायचो. माझ्या प्रतीत समासात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: 'याला कुणीतरी एक थोबाडीत द्या.' अक्षर माझंच आहे.

आता त्रेचाळीसाव्या वर्षी वाचताना माझा राग बराच निवला, पण जागचा हललाही. पुण्याच्या होस्टेलची पानं मला आजही लांबलेली वाटतात. मित्र, मेस, पैशांचे घोळ, पुन्हा मित्र. विनोद भारी आहे, पण तो मित्रांच्या कोंडाळ्यातला. बाहेरच्याला त्यात बसायला जागा नाही. उलट ज्या वडिलांवर तेव्हा मीही पांडुरंगच्या बरोबरीने चिडले होते, त्यांचा हिशेब आता मला कळतो. बापाने मनीऑर्डरी पाठवायच्या आणि पोराने तिकडे शून्याला शून्याने गुणत बसायचं. मुलगा यंदा बारावीला आहे, त्यामुळे हे मत कितपत निष्पक्ष आहे कुणास ठाऊक.

पण मनी.

पोरगा पुण्यात आणि इकडे धाकटी बहीण देवीने जाते. तिथे ते सगळं तिरकं बोलणं, टवाळी एकदम गळून पडते. मुलगा घरी नव्हता, दोन्ही गोष्टींत एवढंच घडतं. तांजिरोला निदान पाठीवर घ्यायला पेटी मिळाली. पांडुरंगला काहीच मिळालं नाही, म्हणून तो बोलतच सुटतो. हे मला एकोणिसाव्या वर्षी दिसलं नव्हतं.

देवी म्हणजे काय ते माझ्या मुलाला समजावून सांगावं लागलं. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. आईच्या दंडावर टोचल्याचे दोन गोल डाग आहेत. तिला फोन केला तर म्हणाली, टोचायला माणूस यायचा तेव्हा आम्ही मळ्यात पळून लपायचो, केळीच्या बागेत. तिची एक चुलतबहीण त्यातच गेली, हेही आज पहिल्यांदाच सांगितलं. नाव विचारलं तर म्हणाली, ठेवलं नव्हतं अजून.

शुक्रवार

भाच्याच्या ढिगात तळाला 'भीमायन' होतं, इंग्रजी. २०११ चं पुस्तक. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाण्याचे, निवाऱ्याचे, प्रवासाचे प्रसंग.

आधी कुरकुर करून घेते. बसस्टॉपवर एक तरुण आरक्षणाच्या नावाने बोटं मोडतो आणि एक बाई त्याला सगळा इतिहास सांगते, अशा चौकटीत गोष्ट बसवली आहे. ते संवाद शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकासारखे वाटतात.

चित्रं मात्र बघत राहावीत अशी. पानावर चौकोन नाहीत. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, असं चित्रकारांचं म्हणणं आहे. सगळ्यात आवडले ते बोलण्याचे फुगे. साध्या, मायेच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा, आणि जातीचा डंख असलेल्या बोलण्याला विंचवाची नांगी. एकदा हे कळलं की शब्द वाचायच्या आधीच कळतं, आता लागणार आहे.

आणि गाडी जामद्याच्या पुढे गेलेली असताना पान उलटलं तर पुढे चाळीसगाव.

१९२९ साल. बाबासाहेब सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी याच धुळ्याच्या गाडीने जाऊन चाळीसगावला परत येतात. स्टेशनावर माणसं हार घेऊन उभी. महारवाडा दोन मैलांवर, नदीपलीकडे. टांगे भरपूर, पण तास झाला तरी कुणी हलेना. शेवटी एक टांगा येतो, आणि हाकणाऱ्याला हाकता येत नाही हे लगेच कळतं. नदीवरच्या फरशीपुलापाशी घोडा उधळतो, चाक कडेच्या दगडावर आदळतं, बाबासाहेब फरशीवर फेकले जातात, टांगा घोड्यासकट खाली नदीत. पाय मोडतो. नंतर कळतं ते असं: टांगेवाल्यांनी हाकायला नकार दिला होता. गाडी भाड्याने देऊ, पण हाकायला आम्ही बसणार नाही. आणि पाहुण्याला पायी नेणं वस्तीला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्यांच्यातलाच एक जण लगाम धरून बसला.

घरी येऊन बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमधलं मूळ वर्णन वाचलं. त्यात त्यांनी टांगेवाल्यांबद्दल लिहिलंय तसंच या आपल्या माणसांबद्दलही. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, असं. चिडून नाही लिहिलेलं. मला चित्रांत हे आणखी दोन पानं हवं होतं, तो स्टेशनवरचा तास. कुणीही न सांगता थांबवून ठेवलेला माणूस. पुस्तक तिथे घाई करतं.

अकरा वर्षं मी त्या स्टेशनावर उतरते. बाहेर पडून रिक्षाला हात करते, रिक्षा थांबते.

शनिवार

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब चाळीसगावचेच. डबा खाताना त्यांच्यासमोर ते पान उघडलं. बघितलं, म्हणाले, "हो, टांग्याचं ना. आमची आजी सांगायची." मग दुसरा घास घेतला. मला काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं की चित्र बरोबर आहे का. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पुस्तक पार नाकाला लावलं.

"घोडा चांगला काढलाय," म्हणाले. "न्यायचं का घरी? सोमवारी आणतो."

पान सदतीसवर... नाही, पान आठवत नाही, पण त्या घोड्याच्या पानावर आता शेवभाजीच्या तर्रीचा एक ठिपका आहे. भाच्याला अजून कळवलेलं नाही.