साउथ पास सिटी: एस्थर मॉरिसच्या गावात

वायोमिंगला येणारी आपली मंडळी यलोस्टोन गाठायच्या घाईत असतात, त्यामुळे लँडरपासून 35 मैलांवरच्या साउथ पास सिटीकडे फारसं कुणी फिरकत नाही. आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली, ती एस्थर हॉबर्ट मॉरिससाठी.

10 डिसेंबर 1869 ला वायोमिंग टेरिटरीने (तेव्हा राज्याचा दर्जा नसलेल्या प्रदेशाने) बायकांना मताधिकार दिला. विधेयक मांडणारा विल्यम ब्राइट याच गावात गुत्ता चालवायचा. लगेच फेब्रुवारी 1870 मध्ये पन्नाशी उलटलेली एस्थर इथे ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे किरकोळ खटले चालवणारी स्थानिक न्यायाधीश झाली. अमेरिकेतली अशी पहिलीच बाई. आधीच्या न्यायाधीशाने कोर्टाचं दप्तर द्यायला नकार दिला, तेव्हा त्यावरचा खटला तिच्यासमोरच आला. यात आपलाच संबंध आहे म्हणून तिने तो काढून टाकला. मला ती आवडली ती इथेच. तिने चहाला बोलावून ब्राइटकडून विधेयक मांडायचं वचन घेतल्याची गोष्ट मात्र कायद्यानंतर 50 वर्षांनी छापून आली. ती ऐका आणि सोडून द्या.

घरचं प्रकरण जास्त रंजक आहे. पहिला नवरा आर्टेमस स्लॅक लवकर गेला. तान्ह्या आर्चिबाल्डला घेऊन ती त्याच्या जमिनीपायी इलिनॉयला गेली, तर तिथे बायकांना मालमत्तेचा हक्क नाकारणारा कायदा आडवा आला. दुसरा नवरा जॉन मॉरिस, त्याच्यापासून जुळे मुलगे. सोन्याच्या ओढीने सगळे इकडे आले. जुळ्यांपैकी रॉबर्ट आईच्या कोर्टात कारकुनी करायचा, आणि जॉनला तिने मारहाणीवरून अटक करवली. पुढे त्याला सोडून ती लॅरामीला गेली. तिची कीर्ती पसरवली ती वर्तमानपत्रवाल्या आर्चिबाल्डने, हे विसरू नका.

गावात तिच्या नावाचा दगडी स्मृतिस्तंभ आहे. शिवाय जुनं हॉटेल, दुकान आणि टेकडीवर कॅरिसा खाण. हे सगळं उन्हाळ्यातच बघता येतं, तारखा आधी तपासा.

गाडीत गॅस (पेट्रोल) लँडरलाच भरा, डबाही तिथूनच घ्या. हायवे 28 सोडला की कच्चा रस्ता लागतो, फोनच्या भरवशावर राहू नका. गाव 7,800 फुटांच्या आसपास आहे. जुलैतही वाऱ्याला जाकीट लागतं, आणि थोडं चढलं तरी धाप लागते. डेन्व्हरहून येणार असाल तर शायेनला थांबा, लेकव्ह्यू स्मशानभूमीत तिची कबर आहे. 1902 मध्ये ती तिथेच वारली.