शाळा कुठली हे नंतर, आधी भाषा कुठली ते विचारा

आमच्या पोराला ऑटिझम आहे हे कळल्यापासून बेळगावात जो भेटेल तो एकच विचारतोय, मग आता शाळेचं काय, स्पेशल शाळेत घालणार की साध्या, इंग्लिश मीडियम बघितलं का वगैरे. आपुलकीनं विचारतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आपल्या सीमाभागात ह्याच्या आधीचा एक प्रश्न असतोय आणि तो फारसा कोणी काढत नाही. पोराशी तिथं बोलणार कुठल्या भाषेत? तपासणी कुठल्या भाषेत, थेरपी कुठल्या, वर्गात बाई कुठल्या भाषेत बोलणार? घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड मिसळून, दवाखान्यात कन्नड नाहीतर इंग्लिश, टीव्हीवर हिंदी. आपली धडधाकट पोरं चार भाषा खेळता खेळता उचलतात. ज्याला एक भाषा पक्की व्हायलाच वर्षं लागतात त्याचं काय होत असेल बघा.

तपासणीचंच सांगते. एका ठिकाणी असेसमेंटला गेलो होतो. मॅडम प्रेमळ होत्या, पोराला चॉकलेट दिलं, घाई अजिबात केली नाही, पण सगळं बोलणं कन्नडात. टेबलावर लाल ठोकळा, स्टीलची वाटी आणि चमचा. ठोकळा वाटीत टाक आणि चमचा माझ्याकडं दे, असं त्यांनी कन्नडात सांगितलं. पोरगा माझ्या तोंडाकडं बघत बसला. मग तेच इंग्लिशमध्ये सांगितलं, तर त्यानं चमचा उचलून वाटीवर वाजवला. रिपोर्टमध्ये आलं की दोन टप्प्यांची सूचना समजत नाही. आणि घरी ह्याच पोराला "फ्रीजमधलं दूध काढ आणि आज्जीला नेऊन दे" म्हटलं की दूध काढतोय, फ्रीजचं दार लावतोय आणि नीट आज्जीच्या हातात देतोय. मी त्यांना म्हटलं मॅडम, मराठीत मी विचारते, तुम्ही फक्त बघा. त्यांनी ऐकलं, परत घेतलं, आणि घरची भाषा मराठी आहे, त्या भाषेत सूचना पाळतो अशी एक ओळ रिपोर्टमध्ये घातली. ती ओळ पुढं शाळेत, ऑफिसात, सगळीकडं उपयोगी पडली. त्यामुळं माझं सगळ्या आईबापांना सांगणं आहे, तपासणीला जाताना हे आधी बोलून घ्या, मराठी येणारं कोणी नसेल तर घरचं माणूस बसू दे म्हणा. बुद्धिमापनाची बिनेट-कामत चाचणी अजूनही आपल्याकडं वापरतात, ती कामतांनी १९३० च्या दशकात बसवली तीच मुळी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या मुलांसाठी. म्हणजे मराठीत तपासा हे सांगणं काही जगावेगळं नाही.

अजून एक सल्ला आपल्याला हमखास मिळतो, घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, इंग्लिशच बोला, नाहीतर पोरगं गोंधळतंय. हे ऐकून आई गप्प होते, कारण तिला इंग्लिशमध्ये लाड करता येत नाहीत की रागावता येत नाही, आणि आज्जीचं तर नातवाशी बोलणंच संपतं. ऑटिझम आणि डाऊन सिंड्रोमच्या मुलांवर ह्याचा अभ्यास झालाय आणि दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं मागं पडतं असं त्यात दिसलेलं नाही. घरची भाषा बंद करू नका. मला ह्या सल्ल्याचा खरंच राग येतो.

आता शाळा. कायदा आपल्या बाजूनं आहे हे आधी डोक्यात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी पण त्यात आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, ते पण जवळच्या साध्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, आपण निवडू तिथं. "आमच्याकडं अशी मुलं घेत नाही" हे सरकारी किंवा सरकारमान्य शाळेला म्हणता येत नाही. आम्हाला एका खाजगी शाळेत म्हणालेच, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय म्हणून. तिथं भांडत बसायची ताकद नव्हती, गल्लीतल्या सरकारी मराठी शाळेत गेलो.

आणि ते बरं झालं. वर्गात पोरं कमी, बाई मराठी, सगळी पोरं ओळखीची. तालुक्याच्या बीआरसीत, म्हणजे शिक्षण खात्याच्या साधन केंद्रात, स्पेशल शिकवणारे शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात, ते शाळाशाळांत फिरतात. आमच्याकडं आलेल्या सरांनी पोराच्या बेंचवर पुठ्ठ्याची एक पट्टी चिकटवली, त्यावर ओळीनं चित्रं, प्रार्थना, मराठी, गणित, जेवण, खेळ, घर. एक झालं की त्यावरची झाकणी खाली पाडायची. जेवणाच्या चौकोनात दोन चित्रं केली होती, एक अंड्याचं आणि एक केळ्याचं, कारण अंडं मिळणार वाटून केळं आलं की हा जमिनीवर लोळायचा. आता सकाळी बाई स्वयंपाकघरात विचारून येतात आणि त्या दिवशीचं चित्र वर ठेवतात. खर्च शून्य. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून त्याची जागा होती, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून टेबलाखाली जायचा, ती जागा बदलली. स्पेशल शिक्षण म्हणजे मोठी मशीन आणि एसी रूम असं वाटायचं लोकांना, आमच्या सासऱ्यांना पण वाटायचं, ते पट्टी बघायला मुद्दाम शाळेत आले.

पण खोटं आशेवर ठेवत नाही कोणाला. असे शिक्षक तालुक्याला मोजके आणि शाळा किती. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलंय, प्राथमिकला अशा १० मुलांमागं एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागं एक स्पेशल शिक्षक हवा. प्रत्यक्षात सर महिन्यातून येतात तेवढे, मधल्या दिवसांत वर्गाच्या बाईंवरच सगळं. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडं तर लहान लहान मराठी शाळा, एकदोन शिक्षकांवर चाललेल्या, पावसात रस्ता बंद. तिथल्या व्हीलचेअरवरच्या पोरीला शाळेचा हक्क आहे म्हणून कागदावर लिहिलं की झालं का? अशांसाठी समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेत घरी येऊन शिकवायची सोय आहे, शाळेत नेण्या-आणण्यासाठी भत्ता आहे, मुलींना महिन्याला २०० रुपये स्टायपेंड आहे दहा महिने. मागितल्याशिवाय मिळत नाही, हेडमास्तरांकडं लेखी द्यायचं, पोच घ्यायची.

ज्यांना बहिरेपण, अंधत्व आहे त्यांच्यासाठी मात्र मी डोळे झाकून साधी शाळा म्हणणार नाही. ब्रेल किंवा खुणांची भाषा शिकवणारं माणूस रोज लागतं, महिन्यातून एकदा येऊन चालत नाही. बेळगावात माहेश्वरी अंध शाळा आहे, तशा ठिकाणी स्वतः जाऊन बघा, आणि तिथं पण पहिला प्रश्न तोच, मराठी घरातल्या मुलाला सुरुवातीला कोण समजावणार. निपाणीकडचे लोक कोल्हापूरला जातात, जवळ आहे, भाषेची अडचण नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं, पण पेन्शन, स्कॉलरशिप अशा राज्याच्या योजना रहिवासावर असतात, तेव्हा पलीकडं घालायच्या आधी काय सुटणार ते विचारून घ्या.

यूडीआयडी काढलं नसेल तर ह्याच आठवड्यात अर्ज करा. अर्ज ऑनलाईन असतो, तपासणीला सरकारी हॉस्पिटलात बोलावतात. फॉर्म आणि कन्नड पत्रांचं टेन्शन घेऊ नका, ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू, म्हणजे पुनर्वसन कार्यकर्ते, असतात, स्वतः दिव्यांग असलेली गावातलीच माणसं, आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू, त्यांचं कामच हे आहे. आमचं पत्र शेजारच्या कन्नड काकूंनी लिहून दिलं, एकदा नाही प्रत्येक वेळी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा पण बघा, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या भागात फार कमी लोकांना माहीत आहे. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकणं सक्तीचं आहे. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाला मराठी, कन्नड, इंग्लिश, तीन लिप्या. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण, असलेल्या मुलाला एक लिपी जमवताना घाम फुटतो. पण वर सांगितलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी द्यायला हव्यात. माझं कन्नडशी काही वाकडं नाही, उलट पोराला बसमध्ये, बाजारात, पुढं कामावर कन्नड लागणारच, आम्ही काकूंकडं त्याला मुद्दाम पाठवतो, तो "नीरु बेकु" म्हणून पाणी मागतोय आता. बोलायला शिकू दे, पेपर लिहून नापास व्हायची सक्ती नको. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावी बोर्डाच्या परीक्षेला, सवलत हवी असेल तर दहावीच्या फॉर्मपर्यंत थांबू नका, बोर्डाला अर्ज शाळेमार्फत जातो आणि सर्टिफिकेटला वेळ लागतो, आठवीतच विषय काढा.

एसएसएलसी झेपणारच नाही असं वाटलं तर एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, आहे. दहावी मराठी माध्यमातून देता येते, पाच विषय, त्यात भाषा एकच घेतली तरी चालते, पाच वर्षांत नऊ वेळा बसायची मुभा, एकेक विषय सोडवत जाता येतं. लोक त्याला कमी समजतात. का समजतात कळत नाही, सर्टिफिकेट पुढं सगळीकडं चालतं.

आमचा पुढच्या वर्षी सातवीत जाईल. सवलतीच्या अर्जासाठी लागणारी फाईल करायला घेतली आहे, यूडीआयडीची झेरॉक्स, असेसमेंटचा रिपोर्ट, आणि सरांनी लिहून दिलेला कागद की वर्गात त्याला काय जमतं आणि काय नाही. शाळेत नवीन हेडमास्तर आलेत, त्यांना कलम १७ ची प्रिंट काढून सोमवारी नेऊन देणार आहे.