सदुसष्ट नापास

सोमवारची ओपीडी सुरू व्हायच्या आतच आबांची सून केबिनमध्ये शिरली. "डॉक्टर, तुमच्या गोळीनं आबांच्या छातीत धडधडाय लागलंय. तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. बंद करू काय?"

मागून आबा आले. टेबलावर ठेवलेली बोटं थरथरत होती. नाडी १२४.

आबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीस वर्षं मोल्डिंगला होते. रोज बिडीचं एक बंडल आणि त्याचीच कमाई म्हणून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. दोन आठवड्यांपूर्वी बिडी सोडायची म्हणून स्वतःहून आले, ते मेडिकलमधून आणलेल्या निकोटिन गमची पट्टी खिशात घेऊनच. "ह्यानं काय होत न्हाई, नुसत्या उचक्या." विचारलं तर दिवसाला एकच गम, तीही चहाबरोबर कराकरा चावून. चहानं तोंड आंबट झालं की निकोटिन गालातून नीट शोषलंच जात नाही, पोटात जातं आणि उचक्या लागतात. गम जरा चावायची, चुरचुरली की गालात दाबून ठेवायची, तंबाखूचा बार धरतात तशी. "मग हे आधी सांगायचं की!" आबा म्हणाले.

निकोटिनचा पॅच आणि गम एकत्र नीट वापरले तर तलफ घालवणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळीच्या तोडीला येतात. पण अंगाला पट्टी चिकटवायला आबा तयार नव्हते. बिडी सोडवायची दुसरी गोळी, ब्युप्रोपिऑन, मीच बाजूला ठेवली. आबांना सीओपीडीसाठी श्वासनळ्या मोकळ्या करणारं थिओफायलिन चालू होतं आणि ही दोन एकत्र आली की फिट येण्याचा धोका वाढतो. राहिलं व्हॅरेनिक्लिन. ते मेंदूत निकोटिनच्याच जागेवर अर्धवट बसतं, त्यामुळे तलफ कमी होते आणि वर बिडी ओढली तरी तशी मजा येत नाही. पहिला आठवडा बिडीसोबत गोळी, आठव्या दिवशी बिडी बंद.

"गुण येतोय का नक्की?" आबांनी विचारलं. मी २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, आठ हजारांवर माणसांच्या चाचणीचे आकडे सांगितले. नवव्या ते बाराव्या आठवड्यात व्हॅरेनिक्लिनवर शंभरातले ३३ जण पूर्ण बंद राहिले, नुसत्या पॅचवर किंवा नुसत्या ब्युप्रोपिऑनवर २३ च्या आसपास.

"म्हंजे सदुसष्ट नापास की!"

"नुसत्या खोट्या गोळीवर सत्त्याऐंशी नापास, आबा."

सहाव्या महिन्यापर्यंत टिकलेले ३३ वरून २२ वर येतात, हे मात्र मी त्या दिवशी गिळलं.

आबांनी आठव्या दिवशी खरंच बिडी टाकली. आज बंद होऊन सहा दिवस. व्हॅरेनिक्लिननं मळमळतं, झोप बिघडते, चित्रविचित्र स्वप्नं पडतात, म्हणून डोस अर्धा करायला मी पेन उचललंच होतं. पण त्यानं नाडी १२४ कशी होईल? ईसीजीत लय सरळ होती, फक्त ठोके जलद.

"आबा, चहा किती होतोय?"

"बिडीच्या जागी चहाच की. आठ-नऊ कप."

तिथं डोक्यात उजेड पडला, आणि लाजही वाटली. बिडीच्या धुरातले घटक यकृतातल्या एका एन्झाइमला जोरात पळवतात. तेच एन्झाइम थिओफायलिनही फोडतं आणि चहातलं कॅफिनही. धूर बंद झाला की काही दिवसांत त्याचा वेग उतरतो आणि कालपर्यंत बेताचा असलेला डोस आज जास्त होतो; धडधड आणि थरथर त्याचीच. हे निकोटिनचं काम नाही, धुराचं आहे. पॅच लावून बिडी सोडली असती तरी हेच झालं असतं. बिडी सुटते त्याच आठवड्यात थिओफायलिन पाव ते तिसरा हिस्सा कमी करायचं असतं. फिटच्या वेळी मला ते औषध आठवलं, धुराच्या वेळी विसरलो. चूक सरळ माझी होती, आणि सुनेला मी तसं सांगितलंही.

थिओफायलिन थांबवलं, चहा दोन कपांवर आणला, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी नाडी ९२. पुढं थिओफायलिन कमी डोसनं, व्हॅरेनिक्लिन आहे तसंच.

"म्हंजे माझ्या वाटणीचं औषध बिडीच खात हुती म्हणा," आबा म्हणाले. मग जरा थांबून, सुनेकडं न बघता, "आणि परत धरली तर डोस वाढवणार व्हय?"

सुनेनं डोळे वटारले. मी फाईलवर लाल पेनानं लिहिलं: बिडी पुन्हा सुरू झाल्यास लगेच कळवणे.