तान्ह्या बाळांच्या खोलीसाठी मावशींना तयार करताना

ज्यांनी कधी बाळ हातात घेतलेलं नाही अशा मुलींना शिकवणं तुलनेनं सोपं. त्या घाबरतात, सतत विचारतात आणि सांगितलं तसं करतात. खरा कस लागतो तो स्वतःची दोन-तीन मुलं वाढवलेल्या मावशींना शिकवताना. पाळणाघरातल्या एक वर्षाखालच्या बाळांच्या खोलीसाठी सेविका तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्या तुकडीत बहुतेक याच होत्या. बाळ उचलणं, ढेकर काढणं, थोपटून झोपवणं यात हात इतका बसलेला, की ही आम्हाला काय शिकवणार हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसायचं. एकीनं तर विचारलंच, "ताई, तुम्हाला मुलं किती?" एकही नाही, असं सांगून मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

पहिला वाद झोपेवरून झाला, आणि तो बरेच दिवस चालला. बाळाला उताणंच झोपवायचं, गादी कडक आणि सपाट हवी, पाळण्यात उशी, दुलई, मऊ खेळणं काही नको. यातलं एकही मावशींना पटेना. सगळ्यांचा आक्षेप एकच: उताण्या बाळानं दूध उलटलं तर ते श्वासनलिकेत जाईल. 'नियम आहे' एवढं सांगून हे सुटण्यासारखं नव्हतं. मग मी फळ्यावर चित्र काढलं. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. उलटलेलं दूध उतारानं खालीच राहतं. पालथं केलं की हे उलटं होतं, आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकतं. चित्र बघून खोली जरा शांत झाली. अमेरिकेत 1994 साली बाळांना उताणं झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, हेही सांगितलं. पण आकड्यापेक्षा चित्रानं जास्त काम केलं.

पाळणाघराच्या दृष्टीनं याच्याही पुढची एक गोष्ट महत्त्वाची आहे. घरी कायम उताणं झोपणाऱ्या बाळाला कुणी एखाद दिवशी पालथं झोपवलं, तर धोका आणखी वाढतो. म्हणजे 'माझ्या मुलांना तसं काही झालं नाही' हा अनुभव खरा असला तरी इथे उपयोगाचा नाही. इथे बाळ दुसऱ्याचं असतं आणि दिवसभरात त्याला दोघी-तिघी झोपवतात. सगळ्यांचे हात एकसारखे चालायला हवेत. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा हाच.

घशात काही अडकलं तर काय करायचं आणि श्वास थांबला तर छाती कशी दाबायची, हा भाग प्रथमोपचाराच्या प्रमाणित प्रशिक्षकांकडून करून घेतला. तो हौशी माणसाचा प्रांत नाही. बाळाचं डोकं छातीपेक्षा खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, आणि अडकलेली वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट फिरवायचं नाही. बाहुलीवर करताना आधी सगळ्या हसल्या. मात्र हे हात लवकर विसरतात, म्हणून बाहुली कपाटात ठेवलीच नाही. कामाच्या मध्येच कधीही ती एखादीच्या हातात द्यायची आणि "करून दाखवा" म्हणायचं.

लंगोट बदलण्याचा धडा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. 1946 साली बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञांनी लहान बाळांसाठी एक निवासी संस्था सुरू केली. तिथल्या कामाची एक पद्धत मी उचलली: बाळाला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. "आता पाय उचलते हं," म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग उचलायचं. "कळतंय का त्याला काही?" हा प्रश्न आलाच. मी म्हटलं, करून बघा. सांगून थांबायचं म्हटलं की आपोआप घाई कमी होते, आणि घाई कमी झाली की बाळ ताठरत नाही. काही आठवड्यांनी एक बाळ "हात दे" म्हटल्यावर बाहीत हात घालायला लागलं, तेव्हा विचारणारी मावशीच ते सगळ्यांना बोलावून दाखवत होती. बाकी नियम नेहमीचे: एक हात कायम बाळावर, मुलींना पुढून मागे पुसायचं, नंतर स्वतःचे हात साबणानं धुवायचे, बाळाचेही.

दुधाबद्दल फार वाद झाले नाहीत. बाटलीवर नाव आणि तारीख, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करणं, मायक्रोवेव्ह अजिबात नाही, कारण त्यात दूध कुठे गार तर कुठे पोळण्याइतकं गरम राहतं. बाळाला मांडीवर घेऊनच पाजायचं, बाटली टेकवून ठेवायची नाही. फक्त आईनं काढून पाठवलेलं दूध बाळानं अर्धवट सोडलं की दोन तासांनंतर ओतून द्यायचं, हे जिवावर यायचं. त्यावर उपाय साधा होता: आयांना थोडं थोडं दूध वेगवेगळ्या बाटल्यांत द्यायला सांगितलं.

रडण्याचा विषय मी मुद्दाम उशिरा, ओळख मुरल्यावर घेतला. जन्मानंतर रडणं वाढत जातं, दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर उतरतं. या काळात काही बाळं काहीही केलं तरी थांबत नाहीत. मान नाजूक, डोकं जड. वैतागून गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होते, जीवही जाऊ शकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. "आपण असं करणारच नाही," हेही ठरलेलं उत्तर. अडचण पुढची होती. "मला जमत नाहीये, हिला घ्या," हे वाक्य एकीच्याही तोंडून निघेना. हात टेकणं म्हणजे कमीपणा, आणि ज्येष्ठ मावशींना तर तो जास्तच वाटे. शेवटी आमच्या संचालिकाबाईंनाच खोलीत थांबायला सांगितलं. एक बाळ थांबेना तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर ते दुसरीकडे दिलं आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या. त्या दिवसानंतर ते वाक्य कानावर येऊ लागलं. दुसरं कुणी नसेल तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दोन पावलं मागे सरायचं, हेही मग सहज पटलं.

शेवटी लेखी परीक्षा घ्यायची पद्धत होती, ती मी बंद केली. त्यात छान लिहिणाऱ्या बाई पाळण्यात दुपटं विसरायच्या. आता मी कोपऱ्यात बसून सकाळचा सगळा वेळ बघते आणि मगच सही करते. मुलं किती असं विचारणाऱ्या मावशींची सही लांबली. त्यांचं काम चोख होतं, फक्त बाळाला दूध किती आणि कधी पाजलं याची नोंद त्या संध्याकाळी आठवून एकदम लिहायच्या. आता प्रत्येक पाळण्याशेजारी पेन दोरीनं बांधलेलं असतं. ती कल्पना त्यांचीच.