वायटूके: पिव्हट कुठे धरायचा

1999 मध्ये पुण्यात बसून आम्ही एका अमेरिकन ब्रोकरच्या बॅक-ऑफिसचे (सौद्यांचा हिशेब ठेवणाऱ्या विभागाचे) कोबोल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्रॅम वायटूकेसाठी, म्हणजे 2000 साली तारखांचा होणारा घोळ टाळण्यासाठी, दुरुस्त करत होतो. साल दोनच आकड्यांत लिहिल्यामुळे 2000 चं 00 हे 99 पेक्षा लहान ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेळ गेला तो कुठली तारीख कशासाठी वापरलीय हे शोधण्यात.

साल चार आकडी केलं की रेकॉर्डची लांबी बदलते आणि ती फाइल वाचणारे सगळे प्रोग्रॅम एकाच रात्री बदलावे लागतात. म्हणून बहुतेक ठिकाणी पिव्हट, म्हणजे दोन आकडी सालाचं शतक ठरवणारा आकडा, लावला. पिव्हट 30 असेल तर 00 ते 29 म्हणजे 2000 ते 2029, बाकी सगळं 1930 ते 1999. पण तोच पिव्हट सगळीकडे लावला की 1925 साली जन्मलेला खातेदार 2025 मध्ये जन्मतो, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये निघणाऱ्या तीस वर्षांच्या सरकारी रोख्याची मुदत 1930 मध्येच संपते. पिव्हट वर नेला तर आणखी जन्मतारखा बिघडतात. शेवटी जन्मसाल चार आकडी केलं आणि रोख्याच्या मुदतीला 70 चा वेगळा पिव्हट दिला.

पॅक्ड, म्हणजे एका बाइटमध्ये दोन आकडे दाटून साठवलेल्या, तारखांना मात्र छान वाट सापडली. सहा आकडी तारीख चार बाइट घेते, पण चार बाइटांत सात आकडे आणि चिन्ह मावतात. त्या मोकळ्या जागी शतक टाकलं (1900 साठी 0, 2000 साठी 1): 31 डिसेंबर 1999 म्हणजे 0991231, 3 जानेवारी 2000 म्हणजे 1000103. लांबी तीच, सॉर्टही बरोबर. एखादा प्रोग्रॅम जुन्या कॉपीबुकवर (रेकॉर्डच्या रचनेच्या सामायिक व्याख्येवर) राहिला तर पुढचा आकडा गळू शकतो, म्हणून सगळे पुन्हा कंपाइल केले.

डेटा टेपवर साठवणाऱ्या जॉबमध्ये 99365 (साल 99, दिवस 365) ही मुदत म्हणजे 'कधीच पुसू नका' असा जुना संकेत होता. तीच 31 डिसेंबर 1999 ची खरी तारीखही आहे. असे जॉब एकेक करून तपासावे लागले.

घड्याळ पुढे नेऊन चाचणी करायची तर चालू कामापासून तोडलेला मशीनचा वेगळा भाग हवाच, नाहीतर पासवर्ड, सॉफ्टवेअरची लायसन्स आणि चाचणीच्याच टेप मुदत संपून अडकतात. तेव्हा अमेरिकेत सौद्याची सेटलमेंट (पैसे आणि शेअरची देवाणघेवाण) तीन कामकाजाच्या दिवसांनी होई. म्हणून 29 डिसेंबरचा सौदा 3 जानेवारीला आणि 31 चा 5 जानेवारीला बसतो का, हे आधी पाहिलं. व्याज काढताना 00 मधून 99 वजा केले की उत्तर उणे 99 येतं, आणि फील्डला उणे चिन्हच नसेल, तर 99 वर्षांचं व्याज लागतं.

गुंतवणूकदार धास्तावले होते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, जादा 50 अब्ज डॉलरच्या नोटा तयार ठेवल्या होत्या. खातेदारांना हवी होती शिल्लक छापलेली कागदावर. 31 डिसेंबरच्या शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर प्रत्येक खात्याची रोख आणि शेअर छापून घेतले, आणि सोमवारी पहिला सौदा होण्याआधी सुरुवातीच्या शिलकेशी ताळा केला. नंतर 29 फेब्रुवारीला रोख्यांचं व्याज पुन्हा हाताने तपासलं, कारण 100 ने भाग जाणारं साल लीप नसतं एवढाच नियम काही प्रोग्रॅममध्ये लिहिला होता. 400 ने भाग गेला तर साल लीप असतं, हा अपवाद राहून गेला होता.