तारखा गेल्या, पुरावा कुठून आणायचा?

नाटकांची प्रकाशयोजना करणाऱ्या माझ्या एका मित्राची २०२० सालची डायरी मी पाहिली आहे. मार्चच्या पानावर अकरा तारखा शाईने लिहिलेल्या होत्या आणि त्यांतल्या आठांवर पेन्सिलीने एकेक आडवी रेघ होती. रेघ पेन्सिलीने का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "अरे, प्रयोग पुढे ढकललेत, रद्द कुठे झालेत?" काही महिन्यांनी मदतनिधीचा अर्ज भरायला आम्ही दोघे बसलो, तेव्हा नेमकी हीच गोष्ट आडवी आली. अर्जात रद्द झालेल्या कामांचा लेखी पुरावा मागितला होता आणि त्याच्याकडे एकही काम रद्द झाल्याचे पत्र नव्हते, कारण मुळात ते ठरल्याचेही पत्र नव्हते. या व्यवसायात तारीख फोनवर ठरते, शब्दावर पाळली जाते आणि मानधन प्रयोगानंतर पाकिटातून हातात पडते.

साथीच्या काळात कलाकारांसाठी कोणी किती रक्कम जाहीर केली, याची चर्चा पुष्कळ झाली. ती रक्कम कोणापर्यंत पोचणार याचा निकाल मात्र अर्जातले रकानेच लावतात, असे माझे मत त्या दुपारी झाले आणि निरनिराळ्या देशांतल्या योजनांविषयी वाचताना ते पक्के होत गेले.

जर्मनीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेथील केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांसाठी आणि छोट्या उद्योगांसाठी तातडीची मदत जाहीर केली आणि पाचपर्यंत कर्मचारी असलेल्यांना तीन महिन्यांसाठी ९,००० युरोंपर्यंत रक्कम देऊ केली. अट एवढीच होती की हा पैसा व्यवसायाच्या चालू खर्चासाठी, म्हणजे जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते अशा गोष्टींसाठी वापरायचा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी नाही. आता, जिचा सगळा व्यवसाय गळ्यात आहे आणि जिचा रियाज राहत्या खोलीतच चालतो, त्या गायिकेने 'चालू खर्च' या रकान्यात काय लिहायचे? घरखर्चासाठी तिला बेरोजगारांच्या सर्वसाधारण साहाय्याचा रस्ता दाखवला गेला. गंमत अशी (गंमत म्हणायची तर), की याच देशात १९८३ पासून कलाकारांची स्वतंत्र सामाजिक विमा व्यवस्था आहे. तिच्यात हप्त्याचा निम्मा वाटा कलाकार भरतो आणि उरलेला वाटा त्यांच्या कामाचा उपयोग करून घेणाऱ्या संस्था आणि सरकार मिळून उचलतात. कलाकाराची कमाई कशी असते, हे सरकारच्या दप्तरी चाळीसएक वर्षे नोंदलेले होते. तातडीच्या मदतीचा अर्ज तयार करताना त्याची आठवण झाली नाही, इतकेच.

ब्रिटनने जुलै २०२० मध्ये सांस्कृतिक क्षेत्रासाठी १५७ कोटी पौंडांची घोषणा केली, पण तिचा मुख्य भर नाट्यगृहे, संग्रहालये आणि संस्था तगवण्यावर होता. व्यक्तींसाठी स्वयंरोजगाराची वेगळी योजना होती आणि तिच्यात निम्मे तरी उत्पन्न स्वयंरोजगारातून आलेले असणे आवश्यक होते. दिवसा शिकवणी किंवा नोकरी करून संध्याकाळी रंगमंचावर उभा राहणारा माणूस या अटीतून सहज निसटतो.

या सगळ्यांत फ्रान्सचा मार्ग मला वेगळा वाटतो. तिथे रंगमंच आणि चित्रपटक्षेत्रातल्या हंगामी कलाकारांना व तंत्रज्ञांना बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्यास बेरोजगारी भत्त्याचा हक्क मिळतो. प्रयोगच बंद पडले म्हटल्यावर हे तास भरणार कसे? मे २०२० मध्ये सरकारने त्यावर साधा उपाय काढला: ज्यांचा हक्क चालू होता त्यांची मुदतच ऑगस्ट २०२१ अखेरपर्यंत वाढवली आणि पुढे ती आणखी काही महिन्यांनी लांबवली. नुकसान सिद्ध करण्यासाठी नव्याने कागदपत्रे गोळा करायची गरजच उरली नाही, कारण प्रत्येकाच्या कामाचे तास साथ येण्यापूर्वीच मोजलेले होते. या मोजणीत न बसणारे चित्रकार आणि लेखक अर्थातच बाहेर राहिले, आणि ज्यांना ५०७ तासांची मजल अजून गाठता आली नव्हती त्या नवोदितांचीही पंचाईत झाली.

आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना तीन वर्षे दर आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला आणि पात्र अर्जदारांमधून ही नावे चक्क सोडतीने काढली. प्रथम वाचले तेव्हा मला ते पटले नव्हते; कलाकाराची निवड चिठ्ठ्या टाकून करायची, ही कल्पनाच विचित्र वाटली. पण सोडतीत कोणालाही आपली हलाखी रंगवून सांगावी लागत नाही. आमच्या हातातल्या अर्जात 'आपली सद्यःस्थिती ३०० शब्दांत लिहा' असा एक रकाना होता आणि माझा मित्र, जो तीन तासांच्या नाटकाचा उजेड सहज बांधतो, तो त्या रकान्यासमोर पाऊण तास बसून होता. शेवटी त्याने दोन ओळी लिहिल्या. उरलेले शब्द मी भरले, आणि ते भरताना मलाच लाज वाटत होती.

डायरीच्या पानांची छायाचित्रे जोडून पाठवलेला तो अर्ज 'पुरावा अपुरा' या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या एका लहानशा निधीने फक्त दोन सहकाऱ्यांची शिफारस मागितली आणि आठ दिवसांत पैसे जमा केले.

आता तो फोनवर तारीख ठरली की लगेच दोन ओळींचा संदेश पाठवतो आणि समोरच्याकडून 'होय' असे लिहून घेतो. एका निर्मात्याने त्याला विचारलेही, "एवढ्या वर्षांनी माझ्यावर विश्वास नाही का?" त्या आठ तारखांपैकी तीन प्रयोग पुढे झाले. उरलेल्या पाचांवरची रेघ अजून पेन्सिलीचीच आहे.