एकावन्नाव्या आठवड्याचा हिशेब

बाबांनी १९९७ साली गोव्यात टाइमशेअर घेतला. वर्षातला एक आठवडा, रिसॉर्टमधला एका बेडरूमचा फ्लॅट, ३३ वर्षांचा करार. टाइमशेअरमध्ये वर्षाचे आठवडे नंबरांनी ओळखतात. आमचा एकावन्नावा, म्हणजे नाताळच्या आसपासचा, सगळ्यात जास्त मागणी असलेल्यांपैकी एक. बेळगावच्या टिळकवाडीतून सकाळी निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि दुपारचं जेवण तिथं. मलप्रभा जिथून उगम पावते त्या कणकुंबीत बाबा दरवर्षी गाडी थांबवायचेच. पुढं त्यांना प्रवास झेपेना, म्हणून २०१९ पासून करोनाचं वर्ष सोडून आम्ही तो आठवडा एका ऑनलाइन पोर्टलवरून भाड्यानं द्यायला लागलो.

गेल्या वर्षी बाबा गेले. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, भावाचं ना-हरकत पत्र अशी कागदपत्रं जमवून टाइमशेअर माझ्या नावावर करून घेतला आणि पोर्टलवरचं खातंही माझ्या नावानं नव्यानं उघडलं. भाडं आधीचंच ठेवलं, रात्रीला ७,००० रुपये, सात रात्रींचे ४९,०००.

डिसेंबरमध्ये पाहुणे पोहोचल्यावर दोन दिवसांनी बँकेचा मेसेज आला. ३७,८७७ रुपये जमा. आदल्या वर्षी याच भाड्याला बाबांच्या खात्यात ४७,२६५ आले होते. ते मला पक्कं आठवत होतं, कारण पासबुकात त्या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलनं रेघ मारली होती.

जानेवारीत रिसॉर्टचं बिल आलं. देखभाल खर्च २२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २५,९६०. आदल्या वर्षी हाच खर्च करासकट २१,२४० होता. शिवाय पाहुण्यांच्या नावाच्या पत्राचे ५,९००. मालक स्वतः न येता दुसऱ्याला पाठवतो तेव्हा रिसॉर्ट हे पत्र मागतं. त्याला पूर्वी करासकट १,१८० पडायचे. सगळं वजा केल्यावर ६,०१७ रुपये उरले. आदल्या वर्षी २४,८४५ उरले होते. बाबांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू माझ्या हातात आल्या आल्या आतबट्ट्याची होणार की काय, या विचारानं त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाचा संक्रांतीला आला होता. मी कमिशनचे टक्के मोजत बसलेली बघून म्हणाला, "आत्या, टक्केवारी सोड गे. खात्यात काय पडलं ते धर आणि तिथनं मागं जा."

तसंच केलं. ४९,००० मधून कमिशन १५ टक्के, ७,३५० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १,३२३. तरी २,४५० चा मेळ लागेना. पोर्टलचं विवरण उघडून बघितलं तर ती टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या आयकराची कपात निघाली, बरोबर ५ टक्के.

आधी टीडीएसचंच सांगते, कारण बऱ्याच जणांचे पैसे इथं अडकत असणार. १९६१ च्या आयकर कायद्याच्या (तो मार्च २०२६ पर्यंत लागू होता) कलम १९४-ओ प्रमाणे पोर्टलनं विक्रेत्याचा टीडीएस कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ०.१ टक्का आहे. आपण व्यक्ती म्हणून विकत असू, वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर तोही कापत नाहीत. पॅनच नसेल तर मात्र थेट ५ टक्के. मी पॅन दिला होता, पण पॅनवर माझं नाव माहेरच्या आडनावानं आहे आणि बँक खात्यावर सासरच्या. जुळणी न झाल्यामुळं पोर्टलनं पॅन नाहीच असं धरलं होतं. बँकेत गेले तर काउंटरवरच्या बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "पॅन बेकू, आधार बेकू, मदुवे सर्टिफिकेट इदेया?" म्हणजे पॅन हवं, आधार हवं, लग्नाचा दाखला आहे का? लग्नाचा दाखला घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेले. आमच्याकडं घरात मराठी, बँकेत कन्नड आणि करार इंग्रजीत, त्यामुळं एका कामाला दोन खेपा धरूनच चालायचं. खात्यावरचं नाव पॅनप्रमाणं झालं आणि पोर्टलनं पॅन स्वीकारला. कापलेले २,४५० माझ्या २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या विवरणात दिसतात, रिटर्न भरताना ते परत मागता येतील.

कमिशनचं दुखणं त्याहून मोठं. पूर्वी पोर्टल आमच्याकडून ३ टक्के घ्यायचं आणि पाहुण्याकडून वेगळं सेवाशुल्क. आता पाहुण्याचं शुल्क काढून सगळा भार मालकावर टाकला आणि वर सल्ला दिला, भाडं वाढवा. भाडं वाढवताना आपण सहज चुकतो. करासकट कमिशन १७.७ टक्के होतं, म्हणून ७,००० वर १७.७ टक्के चढवले तर ८,२३९ होतात. पण कमिशन या नव्या रकमेवर कापलं जातं आणि हातात ६,७८१ च येतात. पूर्ण ७,००० हवे असतील तर ७,००० ला ०.८२३ नं भागायचं. उत्तर येतं ८,५०५.

आणि ८,५०५ लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, त्यावरच्या खोलीला मात्र १८ टक्केच राहिला. माझ्यासारखीची जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळं हा कर पोर्टलच पाहुण्याकडून घेऊन भरतं. ७,४०० भाडं लावलं तर पाहुण्याला ७,७७० पडतात. ८,००० लावलं तर ९,४४०. मी ६०० वाढवायचे आणि त्यानं १,६७० जास्त मोजायचे, मग तो शेजारचं हॉटेल बघणारच. म्हणजे पोर्टलवर माझी मर्यादा ७,४००, आणि त्यातून हातात ६,०९०.

बाबांची निळी रेक्झिनची फाइल काढली. टाचणीच्या गंजाचा डाग करारपत्राच्या पहिल्या तीन पानांवर उतरलाय. भाचा इंग्रजी वाचून अर्थ सांगत होता. मला दोन गोष्टी हव्या होत्या. आठवडा दुसऱ्याला द्यायची परवानगी आहे का, आणि पत्राचं शुल्क कशावर लागतं. पाहुणा पाठवायची परवानगी होती, मालकाच्या लेखी पत्रावर, आणि पत्र एका मुक्कामाला एक. मला मात्र दोनदा शुल्क लावलं होतं, पाहुण्यांत दोन आडनावं होती म्हणून. फोनवर रिसॉर्टचे अकाउंटवाले दाद देईनात. शेवटी करारातलं ते कलम लिहून स्पीड पोस्टानं पत्र पाठवलं. पोचपावती आली आणि तीन आठवड्यांनी २,९५० पुढच्या बिलात वळते केल्याचं कळलं. करार इतकी वर्षं घरात होता, आम्ही कुणी नीट वाचला नव्हता याचं वाईट वाटलं.

याच काळात एक फोन आला होता. "तुमचा आठवडा आम्ही विकून देतो, आधी १८ हजार नोंदणी भरा." असे आधी पैसे मागणारे कुणीही असोत, फोन ठेवून द्या. टक्केवारीऐवजी जाहिरातीचं ठराविक शुल्क घेणारी संकेतस्थळं खरोखर आहेत, अमेरिकेतले टाइमशेअरवाले ती वापरतात. पण आमच्या एका आठवड्यासाठी मला त्याची गरज वाटली नाही.

गोव्याला जाणारी माणसं आमच्याच गल्लीत आहेत. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खोलीचे फोटो टाकले, भाडं ६,६०० लिहिलं, निम्मे पैसे आगाऊ, रीतसर पावती, नावं आधीच द्यायची. माझं उत्पन्न जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, म्हणून कर लावायचा नाही. पाहुण्याला ६,६०० आणि मलाही ६,६००. अनगोळच्या एका कुटुंबानं आठ दिवसांत नक्की केलं. २०२६ च्या आठवड्याचे सात रात्रींचे ४६,२०० होतात. देखभाल याच दरानं आली आणि एक पत्र धरलं तर १७,२९० उरतील. आधीच्या २४,८४५ पर्यंत ते पोहोचत नाहीत, देखभाल खर्च वाढलाय त्याला माझ्याकडं उपाय नाही. पोर्टलवरचं खातं मी बंद केलेलं नाही. ओळखीतलं कुणी मिळालं नाही, तर तिथं ७,४०० लावून ठेवीन.

करार २०३० ला संपतो. अनगोळच्या त्या वहिनींनी आगाऊ पैसे देताना विचारलं, वाटेत कुठं थांबावं. मी कणकुंबीचं नाव सांगितलं.